लोखंडी नांगराचे वारस

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याने जाणाऱ्या मनुष्यास दोन प्रकारच्या मालमोटारी एकमेकींस ओलांडून जाताना दिसतात. एकीत मोडक्या यंत्रांचे भाग, गंजलेले पत्रे, फुटक्या नळ्या असे घरोघरचे भंगार भरलेले असते. दुसरीत सळयांच्या लांबच लांब मोळ्या रचलेल्या असतात. या दोहोंच्या मधला मुक्काम म्हणजे भट्टी. तेथे गेलेल्या वस्तूस आपले पूर्वीचे नाव, आपला पूर्वीचा धनी व आपला पूर्वीचा उपयोग ही सर्व सोडावी लागतात. तिचा रस होतो, रसाचा ठोकळा होतो, आणि तो तापलेला ठोकळा रुळांच्या जोड्यांतून लाटला जाऊन त्याची सळई होते. मात्र बाहेर पडताना त्या सळईच्या अंगावर कारखान्याचे नवे नाव उमटलेले असते. लोखंड बोलून चालून निनावी. नाव लागते ते मनुष्याच्या हातून, आणि एकदा नाव लागले की ते कोणाचे, हा प्रश्नही त्यामागोमाग येतोच.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जुनी आहे. ती जेव्हा रूढ झाली तेव्हा या गावाची भरभराट व्यापारउदिमावर होती. आज त्या पाळण्याच्या दोऱ्या बऱ्याच अंशी पोलादाच्या आहेत. येथील अनेक कारखाने एकेका कुटुंबाच्या कष्टाने उभे राहिलेले आहेत, आणि ज्यांनी पहिली भट्टी पेटविली त्यांच्या हातून पुढच्यांच्या हाती किल्ल्या जाण्याचा प्रसंग अशा प्रत्येक घरावर येतो. हा प्रसंग ज्या घरावर यावयाचा आहे, किंवा नुकताच येऊन गेला आहे, तेथील सुशिक्षित तरुण मंडळींनी काय वाचावे, असा विचार करू लागताच आमच्या मनात दोन ग्रंथ आले. एक, शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी आपले चुलते लक्ष्मणराव यांचे लिहिलेले चरित्र, ‘यांत्रिकाची यात्रा’. आणि दुसरा, लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांचे १९८२ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मचरित्र, ‘कॅक्टस अँड रोझेस’. महाराष्ट्रात लोखंडाच्या कौटुंबिक कारखान्याविषयी जे काही भरीव वाङ्मय आहे, त्यात या दोन ग्रंथांचा मान पहिला. म्हणूनच त्यांची परीक्षाही कठोरपणे झाली पाहिजे.

प्रथम चरित्राकडे वळू. त्याचा नायक १८६९ साली बेळगावनजीकच्या गुर्लहोसूर येथे जन्मला, चित्रकार होण्यासाठी मुंबईस गेला, आणि रंग ओळखण्यात डोळे दगा देतात असे कळताच कुंचला ठेवून यंत्राच्या आकृत्या काढू लागला. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह काढलेले सायकलींचे दुकान. मग कडबा कापण्याचे यंत्र, आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे तो नांगर दोन वर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिला, ही कथा आता मराठी वाचकांस तोंडपाठ आहे. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन व बिनव्याजी कर्ज दिले, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली.

या कथेचा मोठा गुण असा की तीत नायक एकटा नाही. मंगेशराव रेगे, शंभुराव जांभेकर, अनंतराव फळणीकर अशी, किर्लोस्कर हे आडनाव नसलेली माणसे तेथे पदोपदी भेटतात. यांपैकी कोणाचे शिक्षण अर्धवट सुटलेले, तर कोणी शाळेत कधीच न रमलेला. एकेकाळी दरोडे घालणारी माणसेसुद्धा येथे पहाऱ्यावर विश्वासाने ठेवलेली. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाचा दुष्काळ पडला तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा देऊ केल्या, आणि त्यांचे नांगर झाले. जालन्यातील वाचकास हा प्रसंग विशेष जवळचा वाटेल. भंगारातून नवे लोखंड काढण्याचा जो धंदा त्याच्या दाराशी रोज चालतो, त्याचेच ते जुने आणि भव्य रूप होय. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ याहून खोल आहे. जमीन औंधची, तोफा कोल्हापूरच्या, हात रेगे-फळणीकरांचे, आणि कल्पना लक्ष्मणरावांची! अशा रीतीने जी वस्तू निर्माण झाली ती कोणाची?

कायद्याचे उत्तर सरळ आहे. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित जबाबदारीची कंपनी झाली, आणि कारखाना भागधारकांचा झाला. या एका घटनेत पुढील शंभर वर्षांची बीजे आहेत; परंतु चरित्रकार कितीही हौशी असला तरी असल्या घटनेपाशी तो फार रेंगाळत नाही, आणि वाचकही त्यास रेंगाळू देत नाही. नांगराच्या फाळाचे वर्णन जितके रसाळ होऊ शकते तितके भागपत्राचे होऊ शकत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. तथापि विचार करून पाहावा. शेताची वाटणी होऊ शकते. बांध घातला की झाले. भट्टीची वाटणी होत नाही. अर्धी भट्टी म्हणजे भट्टी नव्हे, ते पुन्हा भंगारच. कंपनी स्थापन होताच मात्र न वाटता येणाऱ्या लोखंडाचे कागदावर वाटता येणारे तुकडे झाले. मराठीत या तुकड्यास ‘भाग’ म्हणतात, आणि घरच्या वाटणीत भावास मिळतो त्यासही ‘भाग’च म्हणतात. एकाच शब्दाने दोन निराळ्या वस्तू दाखविल्या जात असल्या म्हणजे जो गोंधळ व्हावयाचा, तो आपल्या औद्योगिक घराण्यांत पुष्कळदा झालेला आहे.

आता आत्मचरित्र. शंतनुराव १९०३ साली जन्मले, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकून परत आले, आणि बापाचा कारखाना त्यांनी अनेक कारखान्यांचा समूह केला. हरिहर येथे १९४१ साली लेथ व इतर यांत्रिक हत्यारे बनविणारा ‘मैसूर किर्लोस्कर’. १९४६ साली पुण्यास तेलावर चालणारी इंजिने आणि त्याच सुमारास बंगळुरास विजेच्या मोटारी. १९६२ साली अमेरिकन कमिन्स कंपनीशी भागीदारी. या पुस्तकाचा लेखक करड्या बुद्धीचा आहे. सरकारी परवान्यांच्या काळात उद्योग चालविताना जे काटे बोचले, ते तो लपवीत नाही. ग्रंथाच्या नावात निवडुंगास गुलाबाच्या आधी स्थान मिळाले आहे, ते उगाच नव्हे. मराठी उद्योजकाने आपल्या कर्तृत्वाविषयी इतक्या निःसंकोचपणे बोलावे, हीच मुळी आपल्या वाङ्मयातील एक दुर्मीळ गोष्ट होय.

परंतु दोन्ही पुस्तके एकापुढे एक ठेवून वाचली असता एक फरक ध्यानात येतो. चरित्रात कारखाना हे एक गाव आहे. आत्मचरित्रात तो एक साम्राज्य आहे. गावात मनुष्ये मोजली जातात, साम्राज्यात प्रांत. गावातून साम्राज्याकडे जाताना प्रांतांचे सुभेदार नेमावे लागतात, आणि एकत्र कुटुंबात सुभेदार म्हणजे पुत्र, पुतणे व नातू. ही व्यवस्था जोवर मूळ पुरुष हयात आहे तोवर उत्तम चालते. कारण सर्व प्रांतांचा हिशेब एकाच मस्तकात असतो. ते मस्तक नाहीसे झाल्यावर काय, हा प्रश्न दोन्ही ग्रंथांच्या शेवटच्या पानापलीकडचा आहे. त्याबद्दल लेखकांस दोष देता येणार नाही. भविष्य लिहिणे हे चरित्रकाराचे काम नव्हे. तथापि वाचकाने तरी शेवटचे पान मिटून थांबू नये.

शंतनुराव १९९४ साली निवर्तले. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला. थोर नाव भट्टीस विस्तव पुरवीत नाही, हे त्याने दाखविले. २००९ च्या सप्टेंबरात घराण्यातील मंडळींनी कौटुंबिक समझोत्याचा लेख केला आणि कोणी कोणता उद्योग सांभाळावा हे ठरविले. पुढे त्याच लेखातील एका गोष्टीवरून, म्हणजे एकमेकांच्या धंद्याशी स्पर्धा न करण्याच्या बंधनावरून, शंतनुरावांच्या नातवांत वाद उत्पन्न झाला. प्रकरण पुण्याच्या न्यायालयातून वर चढत गेले, आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने उभय पक्षांस मध्यस्थीचा मार्ग सुचविला. ‘किर्लोस्कर’ हे नाव व्यापारी चिन्ह म्हणून जपण्यासाठी तर एक स्वतंत्र कंपनीच आहे. या वादात कोणाची बाजू न्याय्य, हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही आणि इच्छाही नाही. ते न्यायासनाचे काम. परंतु बेळगावच्या सायकलींच्या दुकानावर दोन भावांनी जे नाव लाविले त्यात ‘बंधू’ हा शब्द होता, हे आठवले म्हणजे मनास चटका बसल्यावाचून राहत नाही.

हा केवळ एका घराण्याचा दैवदुर्विलास मानून सोडून दिला तर त्यातून आपण काहीच शिकलो नाही असे होईल. याचे मूळ आपल्या न्यायबुद्धीतच आहे. महाराष्ट्रात वारशाच्या बाबतीत शतकानुशतके प्रमाण मानली गेलेली मिताक्षरा ही विज्ञानेश्वराने चालुक्य विक्रमादित्याच्या राजवटीत, कल्याणी येथे रचली. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. जालन्याप्रमाणेच तेही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, हे मिताक्षरेचे मुख्य सूत्र. बंगालच्या दायभागाप्रमाणे तो बापाच्या मृत्यूनंतर उत्पन्न होतो. शेती हेच ज्या समाजाचे धन, त्यास मिताक्षरेचे सूत्र न्याय्यच होते. कारण बापाच्या लहरीपासून मुलांच्या भाकरीचे त्याने रक्षण केले. जमीन कोणी निर्माण केलेली नसते. ती आधीच असते. म्हणून तीवर जन्माने हक्क सांगणे मनास खटकत नाही.

कारखाना मात्र निर्माण करावा लागतो, आणि एकदा करून भागत नाही. तो रोज निर्माण करावा लागतो. आज भट्टी थंड झाली तर उद्या तेथे केवळ विटा उरतात. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने कंपनीचे भाग आणि स्वकष्टार्जित मिळकत यांस मिताक्षरेचे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही, हे वकील मंडळी सांगतील व ते खरेच आहे. परंतु घराघरांतील न्यायबुद्धी अद्याप मिताक्षरेचीच आहे. ‘मी या घरात जन्मलो, म्हणून या कारखान्यात माझा भाग’ हे वाक्य उच्चारताना आपण काही अधिक बोलत आहोत, असे कोणत्याही मुलास वाटत नाही. आणि गंमत अशी की हेच वाक्य मुलगी बोलली की मात्र घरातील वडीलधारे दचकतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस जन्मतः पुत्राइतकाच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली व सर्व देशात २००५ साली झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तिचा अर्थ निःसंदिग्धपणे सांगितला. जन्म हेच जर प्रमाण, तर ते अर्ध्याच अपत्यांपुरते कसे? ज्यांस हा प्रश्न अडचणीचा वाटतो, त्यांनी जन्म हे प्रमाणच तपासून पाहावे, हे बरे.

रक्ताची ही ओढ किती बलवत्तर असते याचे उदाहरण जालना जिल्ह्यातच आहे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे घनसावंगी तालुक्यातले. बोहल्यावरून निघून गेलेल्या या ब्रह्मचारी पुरुषाने शिष्यांच्या बळावर मठांचा विस्तार केला. रक्ताचा वारस ठेवण्याचा प्रश्नच त्याने मिटवून टाकला होता. असे असूनही त्यांच्या पश्चात काही काळाने संस्थानाचा अधिकार जांबेस राहिलेल्या थोरल्या बंधूंच्या वंशाकडेच आला. ज्याने घर सोडले त्याच्याही मागोमाग घर गडावर चढले! मग ज्यांनी घरासाठीच भट्टी पेटविली, त्यांची गोष्ट काय सांगावी?

जर्मनीतील क्रुप घराण्याने वाटणीच नको म्हणून पाहिले. एसेन येथे १८११ साली फ्रीड्रिख क्रुपने कारखाना काढला. १८२६ साली तो वारला तेव्हा कर्ज व कारखाना ही चौदा वर्षांच्या आल्फ्रेडच्या पदरात पडली, आणि त्याने त्यातून युरोपातील बलाढ्य पोलादी सत्ता उभी केली. कारखाना अखंडपणे एकाच वारसाकडे जावा, असा त्या घराण्याचा दंडक होता. १९०२ साली वारस म्हणून सोळा वर्षांची बर्था उरली, तेव्हा तिच्या भावी पतीस ‘क्रुप’ हे नाव लावण्याची मुभा स्वतः कैसरने दिली. १९४३ साली हिटलरने या एका घराण्याच्या वारशासाठी खास फर्मान काढले. भट्टी फुटली नाही, हे खरे. पण ती न फुटावी म्हणून राजसत्तेच्या दारी जे मिंधेपण पत्करले त्याची परिणती युद्धानंतर मालकाच्या तुरुंगवासात झाली. शेवटी १९६६ साली अखेरच्या वारसाने आपण होऊन हक्क सोडला आणि ती सर्व मालमत्ता एका सार्वजनिक न्यासाकडे गेली.

आपल्याकडे टाटांनी न्यासाचा मार्ग पुष्कळ आधी धरला. १९०७ साली त्यांची पोलादाची कंपनी निघाली, १९१२ साली साकचीस पहिले पोलाद निघाले, आणि जमशेटजींच्या दोन्ही पुत्रांचे धन विश्वस्त संस्थांकडे गेले; टाटा सन्सचे सुमारे दोनतृतीयांश भाग आज अशा संस्थांच्या हाती आहेत. यामुळे तेथे वादच झाले नाहीत असे नव्हे. २०१६ सालचा अध्यक्षपदाचा वाद सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो वाद कारभार कसा व्हावा याविषयी होता. भट्टी कोणत्या भावाची, याविषयी नव्हता. दोन्ही वाद न्यायालयात जातात, पण दोन्ही एका पातळीचे नाहीत.

तेव्हा तीन वाटा दिसतात: वाटून घेणे, एकाकडे देणे, आणि कोणाकडेच न देता सर्वांसाठी सांभाळणे. यांतील कोणतीही निर्दोष नाही. आमचे म्हणणे इतकेच की जालन्यासारख्या गावी प्रत्येक कारखानदार घराने मूळ पुरुष हयात असतानाच, आणि त्याच्या तोंडून, यांपैकी एक वाट मोकळ्या मनाने निवडावी. मालकी आणि कारभार या दोन गोष्टी आहेत, हे मुलांस लहानपणीच सांगावे. मालकी जन्माने मिळू शकेल. लोखंडाची पारख जन्माने मिळत नाही, ती भट्टीच्या तोंडाशी उभे राहूनच मिळते. ज्या पुत्रास किंवा कन्येस ती मिळविण्याची हौस नाही, त्याने लाभांश घ्यावा आणि किल्ल्या कर्त्या माणसाकडे द्याव्या. मग त्या माणसाचे आडनाव कोणतेही असो. भावाभावांच्या वादात भट्टी थंडावते तेव्हा भाव थंडीने मरत नाहीत. मरतो तो भट्टीवरचा मजूर. त्याचे नाव कोणत्याही समझोत्याच्या लेखात नसते.

आणि साहित्याच्या अंगाने एक मागणे. किर्लोस्करांच्या या दोन ग्रंथांनी मराठी वाचकास कारखान्याचा जन्म दाखविला, त्याचे तारुण्य दाखविले; त्यासाठी आपण त्यांचे ऋणी आहोत. परंतु कारखाना एका पिढीच्या हातून दुसरीच्या हाती जातानाचे जे दुःख, जो हिशेब, जो अबोला, त्याचा प्रामाणिक ग्रंथ मराठीस अजून हवा आहे. तो गौरवग्रंथ असू नये, आणि फिर्यादही असू नये. जालन्याच्या एखाद्या घरातील कोणी लेक, सून किंवा नातू तो लिहील, तर किर्लोस्करवाडीच्या कथेस शोभणारा पुढचा अध्याय मराठवाड्यात लिहिला गेला असे आम्ही समजू. तोफा वितळवून नांगर करणाऱ्यांच्या मागून आलेल्या पिढीस, आपल्या नावाचा अभिमान थोडासा वितळविणे अगदीच जड जाऊ नये.